खोट्या पुलाचा रुसवा आणि देवासची स्वारी

श्री.

वाचणारांचे सेवेशी लिहिणाराचा दंडवत. माळव्यात मागे मोठमोठ्या मोहिमा जाहल्या आणि त्यांचे लिहिणारेही थोर होऊन गेले. परंतु हल्लीच्या काळी धारेहून देवासास एक स्वारी गेली, जिच्यात तोफ नव्हती, घोडे नव्हते, निशाण नव्हते, आणि खासे सरदार घरच्या चपलेनिशी निघाले, तिची हकीकत कोणी लिहिली नाही. पुढील माणसांस ती ठाऊक राहावी सबब जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता, लिहितो. चित्त देऊन वाचावे.

धारेत भाऊसाहेब नामे गृहस्थ राहतात. यांचे मूळ पुरुष पवारांचे फौजेसमागमे दक्षिणेतून माळव्यात आले आणि दरबारच्या घोड्यांची निगा राखून राहिले. मग राज्य गेले आणि घोडेही गेले, तेव्हा घराण्याने पीथमपुरचा रस्ता धरिला. भाऊसाहेबांनी तेथील मोटारीच्या एका कारखान्यात शिफ्टच्या बसने जाऊन येऊन उमर काढिली आणि गिअरबॉक्सांचे सुपरवायझर या हुद्द्यावरून निवृत्त जाहले. बायको जयाबाई, पुत्र एक मयुरेश. धाकटी बहीण विद्युल्लताबाई, घरची विजू, देवासास दिली. तिचा नवरा वारला, मग तिने शाळेत गणित शिकवून लेक नीतू हिला वाढविले आणि टेकडीचे पायथ्याशी एकटीने घर राखिले.

या भावाबहिणींचा स्नेह मोठा, आणि तो भांडणाचा. भाऊसाहेब एका पक्षाचे, बाई दुसऱ्या पक्षाच्या. दर रविवारी फोन लावून एकमेकांचे पक्षाची यथास्थित हजेरी घेत आणि मग जेवण जाहले की नाही हे पुसून फोन ठेवीत. ऐसे वर्षानुवर्षे चालले आणि कोणाचे काही बिघडले नाही.

मग एके सकाळी भाऊसाहेबांनी 'आपली माणसे' या कौटुंबिक व्हॉट्सॲपी दरबारात एका पुलाचे चित्र रुजू केले. पूल फार देखणा, तारांवर तोललेला, खाली निळे पाणी, आणि सोबत मजकूर ऐसा की हा नर्मदेवरील नवा पूल आमचे पक्षाने बांधिला, ज्यास दिसत नाही त्याने डोळे तपासून घ्यावे. नातलगांनी रिवाजाप्रमाणे हात जोडिले. इतक्यात देवासाहून जबाब आला.

"भाऊ, हा पूल चीनमध्ये आहे. पाठवायच्या आधी बघत जा."

आणि त्याखाली त्याच पुलाचे दुसरे चित्र, त्यात चिनी अक्षरांची पाटी स्वच्छ दिसते. भाऊसाहेबांनी लिहिले, "पूल कुठलाही असो, भावना खरी आहे." बाईंनी लिहिले, "भावनेवरून ट्रक जाणार आहेत का?" येथवरही निभावले असते. परंतु खातेगांवचे चुलतभाऊ मोरोपंत, ज्यांनी दरबारात आजवर गव्हाच्या भावाखेरीज काही लिहिले नव्हते, त्यांनी हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह टाकिले. भाऊसाहेबांस ते सोसले नाही. क्षणभराने सर्वांच्या फोनवर अक्षरे उमटली की भाऊसाहेब दरबार सोडून गेले.

तेव्हापासून धार आणि देवास यांमधील बोलणे बंद पडले. भाऊसाहेबांचा हट्ट ऐसा की चार माणसांत अपमान केला, सबब तिने आधी फोन करावा. बाईंचा हट्ट ऐसा की खोटे पसरविले, सबब त्याने आधी कबूल करावे. दोन दिवाळ्या गेल्या. दोन्हीकडे चकल्या जाहल्या, परंतु डबा कोणाचा कोणाकडे गेला नाही.

ऐशा समयी पुत्र मयुरेश दिल्लीस होता. तेथे एका विद्यापीठात राज्यशास्त्राची पीएचडी करीत असे, आणि विषय ऐसा की परस्परांचे वैरी असलेल्या पक्षांनी आघाडी करून राज्य कैसे चालवावे. घरी हा विषय कोणास सांगता येत नसे. धारेत पुसत, "दिल्ली में क्या करते हो भिया? नेता बनोगे?" आणि दिल्लीत पुसत, धार कोठे आहे. मग हा म्हणे, इंदौरच्या पलीकडे, मांडूच्या अलीकडे. ऐसे दरवेळी दोन मोठ्या नावांमध्ये धरून आपले गाव दाखवावे लागे आणि मनास किंचित लागत असे.

मेट्रोत उभा राहून जाता येता तो याचाच विचार करी. दिल्लीत राजकारणावर बोलणे फार. चहावर बोलत, जेवणावर बोलत, सेमिनारात तर हातघाईवर येत. परंतु ज्याचे मत मुळातूनच वेगळे ऐसा मनुष्य त्या मैफलीत एकही नसे. त्यामुळे आवाज मोठा होई आणि हरत कोणी नसे. जो वेगळ्या मताचा मनुष्य त्याचे ओळखीचा होता, तो धारेत होता, आणि त्याच्याशी फोनवर हा "हो भाऊ" याखेरीज काही बोलत नसे. वाद घालून वडिलांस दुखवू नये, हा शहाणपणा त्याने स्वतःशी ठरविला होता आणि त्याचा त्यास थोडा अभिमानही होता.

ऐसे असता मार्गशीर्षात एके दुपारी आत्याचा फोन आला.

"मयूर, मी चालले रे बंगलोरला. नीतू न्यायला आलीये. आता कायमचंच म्हण. गुडघे ऐकत नाहीत, एकटीला जमत नाही."

"कधी आत्या?"

"रविवारी सकाळी निघायचं. इंदौरहून विमान आहे."

"भाऊंना सांगितलंस?"

"तू सांग. नाहीतर राहू दे. त्याला पूल बघायचे असतील." मग हळूच पुसिले, "बरा आहे ना पण तो?"

हे ऐकून मयुरेशाने मनाशी ठरविले की आपण आघाडीचे शास्त्र शिकतो, ते ऐसे समयी कामास न आले तर शिकून उपयोग काय. मग पुस्तके मिटली, बोचके बांधिले, गाडी धरिली, आणि वरच्या बाकावर निजून मुत्सद्देगिरीचे सर्व डाव मनात मांडिले. सकाळी इंदौरास उतरला, तेथून बसने धारेस दाखल जाहला. तो दिवस शुक्रवारचा.

पहिली चढाई त्याच दिवशी जेवणावर केली. मयुरेश बोलिला, "भाऊ, लोकशाहीत संवाद फार महत्त्वाचा असतो."

"हो का," भाऊसाहेब बोलिले आणि वरण वाढून घेतले.

"म्हणजे मतभेद असले तरी दार उघडं ठेवावं लागतं."

"दार उघडंच आहे. डास येतात म्हणून जाळी लावलीय."

शास्त्र येथे संपले. मग मयुरेशाने आडपडदा न ठेवता वर्तमान सांगितले, की आत्या परवा सकाळी बंगलोरास जाते आणि पुन्हा देवासास राहावयास येणार नाही. भाऊसाहेबांचा घास हातात राहिला.

"कोणी सांगितलं?"

"आत्यानं. फोन आला होता."

"तुला केला. मला नाही." ऐसे म्हणून ताटावरून उठले.

जयाबाईंनी तो सारा दिवस मसलत चालविली. म्हणाल्या, "अहो, एकुलती एक बहीण तुमची. कसला मेला पूल घेऊन बसलात!" भाऊसाहेब बोलिले, पुलाचे नाही हे. जयाबाईंनी पुसिले, मग कशाचे? तेव्हा भाऊसाहेब अंगणात गेले आणि स्कूटर उघडून बसले. घेरा पडला की स्कूटर उघडावी हा त्यांचा जुना रिवाज, आणि त्या समयी त्यांच्याशी कोणी बोलू नये हा घरचा कायदा. मयुरेश दारातून पाहत राहिला. वडिलांनी कार्ब्युरेटर काढिला, पुसला, पुन्हा बसविला, आणि मग काही न बिघडलेला तोच कार्ब्युरेटर पुन्हा काढिला. ते पाहून त्यास फार वाईट वाटले.

शनिवारी सकाळी त्याने पिशवी खांद्यास लाविली आणि दारात उभा राहून शेवटचे पुसिले.

"मी देवासला जातोय, आत्याला भेटायला. तुम्ही येताय?"

"नाही."

"बरं भाऊ."

इतके म्हणताच जे कोणाचे ध्यानीमनी नव्हते ते घडले. भाऊसाहेबांनी हातातील वर्तमानपत्र खाली आपटिले.

"बरं भाऊ! हो भाऊ! एवढंच येतं का तुला? दिल्लीत कोण्या प्रोफेसरशी भर सभेत वाद घालतोस, व्हिडिओ पाहिलाय मी तुझा. काय तो आवाज, काय तो हात वर! आणि माझ्यासमोर आलास की बरं भाऊ. मी काय वाद घालायच्या लायकीचा पण नाही?"

मयुरेश जागीच थिजला. ज्यास तो आदर समजत होता त्याचा अर्थ समोरचे माणसाने ऐसा घेतला असेल हे त्याचे स्वप्नीही नव्हते.

"तसं नाही भाऊ. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"त्रास! मला लहान पोरासारखं समजावू नकोस. विजू निदान भांडायची. तिला वाटायचं, याच्याशी भांडून काही उपयोग आहे."

जयाबाई पोह्यांची बशी हाती घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, त्या तेथेच राहिल्या. मयुरेशाचे कान तापले. मग तो जन्मात प्रथम वडिलांवर चालून गेला.

"ठीक आहे. मग ऐका. पूल चीनचाच होता. आणि तुम्ही कबूल करत नाही, कारण कबूल केलं तर बाकीचं पण तपासावं लागेल."

"बाकीचं काय? बोल, बाकीचं काय?"

"सांगतो. पण बस चुकेल माझी."

आणि तो निघाला. भाऊसाहेबांनी पायात सापडली ती चप्पल घातली आणि मागोमाग निघाले, कारण मुद्दा अर्धा राहिला होता आणि अर्धा मुद्दा सोडणे त्यांचे रक्तात नव्हते. गल्लीतून बोलत गेले, बाजारातून बोलत गेले. मयुरेश म्हणाला की कायमच्या नोकऱ्या संपल्या, सगळी भरती ठेक्यावर होते, हे दिसत नाही काय? भाऊसाहेब म्हणाले की ठेक्यावर का होईना, भरती होते, आमच्या बापाचे काळी तीही नव्हती. ऐसे करीत बसस्थानक आले आणि मयुरेश इंदौरच्या बसमध्ये चढला. भाऊसाहेब एक पाय पायरीवर ठेवून बोलतच राहिले. बस हलली.

कंडक्टर ओरडला, "काकाजी, चढना है कि उतरना है? गेट पे मत लटको!"

"चढ तो गया हूँ, दिखता नहीं क्या?" भाऊसाहेब बोलिले आणि आत शिरून पुत्राचे शेजारी बसले. "इंदौर के दो."

ऐशा रीतीने मोहिमेस प्रारंभ जाहला. बसमध्ये तुंबळ माजले. रस्ते, वीज, परीक्षा, शेतमालाचे भाव, दिल्लीची हवा, एक विषय शाबूत राहिला नाही. मागील बाकावरील नालछा गावचे एक गृहस्थ पुढे झुकून भाऊसाहेबांचे बाजूने म्हणाले, "काकाजी सई के रिया है." भाऊसाहेबांनी ती कुमक तत्काळ परत पाठविली. "आप बीच में मत बोलो भिया, घर की बात है."

घाटाबिल्लोदास पीथमपुरचा फाटा आला, तेव्हा शिफ्टची एक बस वळताना दिसली. भाऊसाहेब तिजकडे पाहत राहिले आणि त्यांचा आवाज प्रथमच खाली आला.

"आम्ही लहान होतो ना, पावसाळ्यात नाला भरला की शाळा बंद. पलीकडे मास्तर उभे, अलीकडे आम्ही. विजूला खांद्यावर घेऊन मी एकदा उतरलो होतो पाण्यात. दोघंही वाहून गेलो असतो. तेव्हापासून कोणी म्हणालं अमुक ठिकाणी पूल झाला, की मला बरं वाटतं. तपासावंसं वाटत नाही."

मयुरेशाची जुनी सवय ओठांवर आली होती, की होकार देऊन विषय मिटवावा. परंतु आज ते करणे म्हणजे वडिलांस एकटे टाकणे हे त्यास उमगले होते.

"तुम्हाला बरं वाटतं, हेच तर ते वापरतात भाऊ," तो बोलिला.

भाऊसाहेब म्हणाले, "हे विजूचं वाक्य आहे."

"नाही. माझं आहे."

"चांगलं आहे," ते म्हणाले, आणि लागलीच पुढील मुद्दा काढिला.

इंदौरास गंगवाल बसस्थानकावर उतरल्यावर मात्र भाऊसाहेबांनी आपल्या पायांकडे पाहिले, अंगातील घरच्या स्वेटराकडे पाहिले, आणि आपण कोठे आलो हे त्यांचे ध्यानी आले. धारेची परतीची बस समोरच उभी होती. मयुरेशाने तिजकडे बोट दाखविले. इतक्यात जयाबाईंचा फोन आला.

"अहो, आहात कुठे? पोहे गार झाले."

"इंदौरात."

"इंदौरात कशाला?"

"मयूरला एक गोष्ट समजत नव्हती." मग बोलिले, "आता देवासला जातोय आम्ही. उद्या येऊ." पलीकडे जयाबाईंनी काय म्हटले ते लिहिणारास कळले नाही, परंतु भाऊसाहेबांनी फोन ठेविला तेव्हा ते किंचित हसत होते.

देवासाचे वाटेवर शिप्रा नदी ओलांडली, टेकडी दिसू लागली, आणि भाऊसाहेबांनी दोन वेळा केसांवरून हात फिरविला. बाईंचे घरापाशी येताच पाऊल मंदावले. दार उघडे होते. आत खोकी बांधलेली, भिंतीवर जेथे तसबिरी होत्या तेथे पांढरे चौकोन उरलेले, आणि मध्ये विद्युल्लताबाई खुर्चीवर बसून सुतळीला गाठ मारीत होत्या. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर काही दाखविले नाही.

"कोणता पूल ओलांडून आलास?"

भाऊसाहेब उंबऱ्याशी उभे राहिले. "चीनचा होता तो," ते बोलिले. "मला त्याच दिवशी कळलं होतं."

भाऊसाहेबांचे साऱ्या हयातीत कोणी त्यांस माघार घेताना पाहिले नव्हते, सबब मयुरेश आणि नीतू एकमेकांकडे पाहत राहिले. बाईंनी सुतळी बाजूला ठेविली. गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या, तेव्हा भाऊसाहेब पुढे जाहले आणि दंड धरून त्यांस उभे केले.

"मी पण तुला एकट्याला फोन करून सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "मोरोपंतांसमोर नको होतं. बस. पाणी पी. आणि ही कसली चप्पल घालून आलास?"

"घाईत होतो."

"घाईत! तुमच्या पक्षाला घाई कशाची असते माहितीये मला."

"विजू, आता तू सुरू नको करू."

"करणार! दोन वर्षांचं साठलंय माझ्याकडे."

आणि मग त्या दिवशी जे युद्ध जाहले त्याचे वर्णन करावयास ही लेखणी असमर्थ आहे. जेवण वाढिले, बोलत जेविले. खोकी बांधावयाची राहिली होती ती बोलत बांधिली. भाऊसाहेब चिकटपट्टी लावीत आणि बाई कात्रीने कापीत, आणि दोघेही त्याच चिकटपट्टीने एकमेकांस मुद्दे दाखवीत. नीतूने हात जोडून विनविले, "मामा, आई, जरा दम तरी खा!" कोणी ऐकिले नाही. नीतू मयुरेशास म्हणाली की आईला इतकं बोलताना मी कधीपासून ऐकलंच नव्हतं रे.

रविवारी सकाळी मोटार दाराशी लागली. सामान चढले. बाईंनी रिकाम्या घरातून एक फेरी मारिली, कुलूप लाविले आणि मोटारीत बसल्या. भाऊसाहेब खिडकीपाशी वाकले.

"तिकडे काय करणार तू?"

"काय करणार! सगळे कन्नड नाहीतर इंग्लिश. भांडू कोणाशी मी, भाऊ?"

"मी कुठे मेलोय?" भाऊसाहेब बोलिले. आणि हात आत घालून बहिणीचे डोक्यावर ठेविला. नीतू म्हणाली, मामा, विमान थांबणार नाही. तेव्हा हात काढिला. मोटार वळणापलीकडे गेली तरी ते रस्त्यात उभे होते, आणि मयुरेश त्यांचे शेजारी उभा होता, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

परतीचे बसने दोघे इंदौरास आले. मग धारेची बस धरिली, बसले, आणि भाऊसाहेब म्हणाले, "तुझा तो प्रबंध. काय आहे त्यात? नीट सांग, मला समजेल असं नको सांगू. जसं आहे तसं सांग."

इतक्या वर्षांत हे कोणी पुसिले नव्हते. मयुरेशाने आरंभ केला आणि जैसे दिल्लीत सांगत असे तैसेच सांगितले. भाऊसाहेब डोळे मिटून ऐकत होते. मध्येच डोळे उघडून बोलिले, "हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"तू म्हणतोस पक्ष आघाडी करतात फायद्यासाठी. आमच्या युनियनमध्ये दोन गट होते. फायदा दोघांचाही नव्हता, तरी एकत्र आले. का आले ते लिहिलंयस कुठे?"

ते कोठे लिहिले नव्हते. मग मयुरेश म्हणाला की युनियनची गोष्ट वेगळी. भाऊसाहेब म्हणाले की वेगळी कशी, सांग. बस धारेस आली, लोक उतरले, कंडक्टरने दोन वेळा हाक मारिली तेव्हा हे उतरले, आणि बाजारातून, गल्लीतून तैसेच चालत आले.

येणेप्रमाणे देवासची स्वारी सिद्धीस गेली. दोन ठाण्यांचे बोलणे सुरू जाहले, पुत्राने वडिलांस जिंकिले की वडिलांनी पुत्रास याचा निवाडा जाहला नाही, आणि विजय मात्र पुरा जाहला, ऐसे येथे दाखल केले असे. जयाबाईंनी दार उघडिले, तेव्हा दोघेही एकदम बोलत होते आणि त्यांजकडे पाहून दोघेही एकदम म्हणाले, "तूच सांग, कोण बरोबर आहे?"

जयाबाई म्हणाल्या, "आधी आत या."